जुन्या लुगड्याची पिशवी

असे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक नम्र असतात. मी तशी नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या जिभेला धार आहे, आणि ज्या सोमवारची ही गोष्ट आहे त्या दिवशी ती देवावरही चालली होती. सकाळी अंघोळ झाल्यावर मी गळ्यातलं इष्टलिंग काढलं. पूजेला घेतलं नाही, भस्म लावलं नाही, बेल वाहिला नाही. तसंच भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं. जाणत्या वयात पहिल्यांदाच ते माझ्या अंगावर नव्हतं. ‘तुला माझ्या लेकीची फिकीर नाही, तर मलाही तुझी नाही,’ असं मी मोठ्यानं म्हणाले आणि भांडी घासायला बसले. ऐकायला घरात कुणी नव्हतं. माझे यजमान मानवतच्या बाजारातल्या आमच्या भुसार दुकानात गेले होते.

आम्ही लिंगायत वाणी. मूल जन्मलं की काही दिवसांत त्याच्या गळ्यात इष्टलिंग येतं आणि ते माती पडेपर्यंत अंगावर राहतं. दोऱ्यात अडकवलेला चांदीचा लहानसा चौका असतो, त्यात ते लिंग. पूजेला डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा झाली की परत गळ्यात. जमिनीवर ठेवायचं नाही, कपाटात ठेवायचं नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना माझ्या आईचं लिंग ओढ्यावर धुणं धुताना पडलं होतं. दोन दिवस सगळं घर ओढ्यातला गाळ चाळणीनं चाळत होतं आणि आई काठावर बसून होती. तिनं अन्न तर सोडाच, पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही. लिंग सापडलं तेव्हा तिला उचलून घरी आणावं लागलं होतं. तिचे ते फुटलेले ओठ मी विसरले नाही. माझ्या भक्तीत भक्ती किती आणि त्या ओठांची भीती किती, हे मी कधी निवडून पाहिलं नव्हतं.

माझी एकुलती एक मुलगी उमा अग्निवीर म्हणून नौदलात निवडली गेली, तेव्हा भावकीतल्या बायका पेढे खाऊन गेल्या आणि उंबरा ओलांडायच्या आत, आता हिला नवरा कुठून आणायचा म्हणून बोलायला लागल्या. मी त्यांना जी उत्तरं दिली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. मुलगी पहाटे उठून मैदानावर धावली होती, सोबत तिचे वडील सायकलवरून जात होते, आणि निवड तिनं स्वतःच्या पायांवर मिळवली होती. मी अभिमानानं फुगले होते. तरी परभणीच्या फलाटावर तिला ओडिशाला जाणाऱ्या मुलींमध्ये सोडताना मी एकच गोष्ट तीन वेळा सांगितली, लिंग अंगावरून काढायचं नाही. नीट जेव, जपून राहा, असं काहीच माझ्या तोंडून निघालं नाही.

प्रशिक्षण चार महिन्यांचं होतं आणि फोन फक्त रविवारी, तोही अर्धा तास. आम्हा दोघांचा आठवडा त्या अर्ध्या तासाभोवती फिरायचा. माझे यजमान दुकान बंद करून दहालाच घरी यायचे आणि चार्जिंग भरलेलं असलं तरी फोन चार्जिंगला लावून बसायचे. पहिले काही रविवार उमा पायांना आलेल्या फोडांबद्दल, परेडबद्दल, शेजारच्या पलंगावरच्या पेडगावच्या प्रज्ञाबद्दल बोलली. मग पोहण्याचा विषय आला. मानवतच्या मुलीला पोहणं कुठून येणार? उंचावरून उडी मारायची आणि तलाव पार करायचा, एवढी परीक्षा होती. पाण्यात उतरताना गळ्यात, कानात काहीही घालायचं नाही, दोरा कशात अडकला तर जीव जाईल, असा तिथला नियम होता. नियम बरोबरच होता. तेवढी अक्कल मलाही होती. पण माझ्या डोळ्यांपुढे ओढा आला.

ह्यांनी तेव्हाच सांगितलं, “काढू दे की तिला. पान्यातून आल्यावर पुन्हा घालंल.” मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग बसून माझ्या आईच्या जुन्या सुती लुगड्याची एक अरुंद पिशवी शिवली. तीन पदर दिले, कमरेला बांधायला बंद लावले, टाके इतके बारीक घातले की डोळे दुखायला लागले. लिंग त्यात घालायचं आणि पोहायच्या कपड्याच्या आत कमरेला घट्ट बांधायचं. नियमही मोडत नाही आणि लिंगही अंगावर. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी ती पिशवी स्पीड पोस्टानं पाठवली. शिवताना मी मंत्र म्हणत होते. त्या पिशवीत माझं प्रेम होतं, हे मी आजही नाकारत नाही.

पहिल्या परीक्षेत उमा नापास झाली. दुसऱ्या परीक्षेतही झाली. उडी मारली की तिचा एक हात कमरेकडे जायचा, एका हातानं ती पाणी मारायची, अर्ध्यात दमायची आणि मग तिला काठीनं ओढून घ्यावं लागायचं. शिकवणाऱ्यांना वाटलं पोरगी पाण्याला घाबरते. त्यांनी तिला समजावलं, जादा वेळ दिला. ते तरी काय करणार, खरं कारण ती त्यांना सांगत नव्हती. मलाही तिनं पूर्ण सांगितलं नाही. त्या रविवारी फोनवर एवढंच म्हणाली, “आई, बुधवारी तिसरी अन् शेवटची परीक्षा हाय. न्हाई जमलं तर घरी पाठवत्यात.” आणि मग जरा थांबून, “आई, तेवढ्यापुरतं काढून ठिवू का?”

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते न लिहिता पुढचं लिहिणं म्हणजे लबाडी होईल. मी म्हणाले, “तुझीच भक्ती कमी पडायलीय, म्हणून बुडायलीस. काढलंस तर मला तोंड दाखवू नको.” पलीकडे मागे मुली बोलत होत्या. मग ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. अजून सात-आठ मिनिटं शिल्लक होती. हे उठून बाहेर गेले.

म्हणून त्या सोमवारी मी देवावर चिडले होते. स्वतःवर चिडायला हवं होतं, पण ते जास्त अवघड असतं.

अकराच्या सुमारास दारात एक बाई आली. माझ्याच वयाची, अंगावर अंगणवाडी ताईंची साडी, हातात कापडी पिशवी, चप्पल धुळीनं माखलेली. दुकानात विचारलं, तिथून घर दाखवलं म्हणाली. “मी सुमन, पेडगावची. प्रज्ञाची आई. तुमच्या उमाची जोडीदारीण हाय न्हवं, तिची.” मी आत बोलावलं. बोलता बोलता तिनं घर कुठं ते सांगितलं, गावातल्या बुद्धविहाराच्या मागं. मी पाणी आणायला उठले.

आमच्या घरात आम्ही काही पाळत नाही असं आम्ही सगळ्यांना सांगतो. ह्यांचे मित्र सगळ्या जातींचे आहेत, दुकानात सगळे येतात. तरी माझा हात मांडणीतल्या रोजच्या पेल्यांकडे गेला नाही, वरच्या फळीवर वेगळ्या ठेवलेल्या पेल्याकडे गेला. मी ठरवून केलं असं नाही. हातानं आपसूक केलं, आणि तेच जास्त वाईट आहे. सुमनबाईंनी पेल्याकडे पाहिलं, त्यावर साचलेल्या धुळीकडे पाहिलं, मी तो विसळला ते पाहिलं. पाणी प्यायल्या. मग उठून मोरीत पेला स्वतः धुतला आणि भिंतीशी पालथा घातला. अंगणवाडीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन गाड्या बदलून ती बाई माझ्याकडे आली होती.

परत येऊन बसताना त्यांची नजर देवळीकडे गेली. “हे तसंच हाय का, उमाच्या गळ्यातलं?” मी हो म्हणाले. त्या जरा गोंधळल्या. “खाली ठिवत न्हाईत म्हन्ली प्रज्ञा. अंगावरच पायजे म्हनं.” त्यांनी टोमणा मारला नव्हता. मुलीनं सांगितलेलं आठवून साधेपणानं विचारलं होतं. ज्यांच्या घरात छप्पन सालापासून देव नाही, त्या बाईनं माझ्याच घरात मला माझा नियम सांगितला. मी पदर सारखा करत राहिले.

मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. रविवारी प्रज्ञाचा फोन आला होता. “बाई, ती पिशवी लय पानी पिती. प्रज्ञानं पिळून बघितली, तांब्याभर पानी निघालं म्हन्ली. वल्ली झाली की खाली घसरती, मग लेकरू एका हातानं तिला धरतंय अन् एका हातानं पवतंय. असं कोन पवंल? माझी प्रज्ञा गावच्या हिरीत पवायला शिकली, तिला जमायचं न्हाई असं.” प्रज्ञानं लिंग पेटीत ठेव म्हटलं तर उमा ऐकेना. आईला शब्द दिलाय, अंगाबाहेर ठेवणार नाही म्हणाली. तेव्हा प्रज्ञा म्हणाली, तुझ्या अंगावर नसलं तरी कुणाच्या तरी अंगावर तर असू दे. माझ्या गळ्यात घाल. मी काठावर उभी राहीन. तू आलीस की परत घे.

“प्रज्ञानं मला इचारलं, आई घालू का. आमच्यात देव मानत न्हाईत, तुमाला म्हाईत हाय. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तवापासून घरात फोटो सुदिक न्हाई. मी घडीभर इचार केला. मग म्हन्लं, तू पाया पडायला घालायली का? न्हाई म्हन्ली. मैत्रिणीची अमानत म्हनून घालायली. मग घाल म्हन्लं.” त्या जरा पुढं सरकून म्हणाल्या, “पर तुमाला न सांगता करनं मला बरं वाटंना. तुमी आई हाव. उमा तुमाला सांगंल असं दिसत न्हाई. लय भ्याली हाय ती.”

तांब्याभर पाणी. माझ्या आईच्या लुगड्याचे तीन पदर आणि माझे बारीक टाके, त्यानं माझ्या पोरीला दोनदा खाली ओढलं होतं, आणि वर तुझी भक्ती कमी पडली असं मीच तिला सुनावलं होतं. सुमनबाई माझ्याकडे परवानगी मागायला आल्या नव्हत्या. परवानगी द्यायला किंवा नाकारायला मला फोनही करता येणार नव्हता, कारण पुढचा फोन रविवारी आणि परीक्षा बुधवारी. जे व्हायचं ते तिकडे दोन मुलींनी ठरवलं होतं. मला फक्त कळवलं होतं, आणि तेही एका परक्या बाईच्या भलेपणामुळं.

मी त्यांना जेवून जा म्हणाले. त्या नको म्हणाल्या, गाडी चुकेल. गाडीला अजून तास होता, हे दोघींनाही माहीत होतं. त्या पालथ्या पेल्याशेजारून चप्पल घालून गेल्या. त्यांची मुलगी आपल्या घरचा निर्धार बाजूला ठेवून माझ्या देवाला गळ्यात जागा द्यायला निघाली होती आणि मी तिच्या आईला रोजचा पेला दिला नव्हता. आमच्या पंथात ज्यांनी पहिल्यांदा गळ्यागळ्यांत हे लिंग बांधलं, त्यांनी बांधताना कुणाची जात विचारली नाही, हे मी दर वर्षी प्रवचनात ऐकते. ऐकताना मान डोलावते. त्या दिवशी मला माझ्या त्या डोलणाऱ्या मानेची किळस आली.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी सगळं सांगितलं. पेल्याचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ताट पुढं ओढलं आणि दोन घासांनंतर म्हणाले, “मी दुकानातच चहा पाजला त्यायला.” एवढंच. मला रागवले असते तर बरं झालं असतं.

मंगळवार कसा गेला ते आठवत नाही. बुधवारी सकाळी मी देवळीतलं लिंग उचललं. दोन दिवसांत त्यावर बारीक धूळ बसली होती. धुतलं, भस्म लावलं, डाव्या तळहातावर घेऊन बसले. मंत्र येईना. आयुष्यभर रोज म्हटलेला मंत्र, पण तोंडात आल्यावर खोटा वाटायला लागला. डोळ्यांपुढे मी न पाहिलेला एक तलाव होता आणि काठावर मी न पाहिलेली एक मुलगी, गळ्यात माझ्या मुलीचं लिंग घालून उभी. मी म्हणाले, ‘सांभाळ गं माय.’ कुणाला म्हणाले, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. शंकराला कुणी गं म्हणत नाही. पण ते म्हटल्यावर माझ्या मुठीतला, खांद्यातला कितीतरी वर्षांचा ताठरपणा सुटला आणि मी रडले. बाहेर भंगारवाला ओरडत होता. तळहातावरचं लिंग कोमट झालं होतं. ते नेहमीच होतं, हाताच्या उबेनं. त्या दिवशी मात्र कुणीतरी माझा हात हातात घेतल्यासारखं वाटलं. यापलीकडे चमत्कार म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

रविवारी फोन आला. “आई, पास झाले.” हे लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. मी विचारलं, “लिंग?” ती चटकन म्हणाली, “अंगावर हाय.” ते तेव्हा खरंच होतं. मी तेव्हाच म्हणू शकले असते की मला सगळं माहीत आहे, बरं केलंस, प्रज्ञाला माझा आशीर्वाद सांग. ओठांवर आलं होतं. पण आधी तिनं सांगावं, आईपासून लपवलं म्हणून चूक कबूल करावी, मग मी मोठ्या मनानं माफ करीन, असं माझ्या आतलं काहीतरी हटून बसलं. बुधवारी रडलेली बाई रविवारी परत पहिल्यासारखी झाली होती. पुढचे अडीच महिने दर रविवारी मी वाट पाहिली आणि दर रविवारी ती नुसतं बरं हाय, बरं हाय म्हणत राहिली.

दीक्षांत परेडला पालकांना बोलावणं होतं, पण ह्यांना तेवढे दिवस दुकान बंद ठेवता येईना. मी पेडगावला जाऊन सुमनबाईंना सोबत चला म्हणाले. त्यांच्या घरी त्यांनी मला पाणी दिलं, घरातले सगळे पितात त्याच पेल्यात. मी त्या वेळी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “प्रवासात बोलू.” प्रवासात त्या विषयावर बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या डब्यातली धपाटी त्यांनी घेतली आणि त्यांच्या डब्यातली शेंगांची चटणी माझ्या भाकरीवर घातली. मला तेवढ्यानं सुटल्यासारखं वाटलं नाही, आणि तसं वाटावं असं त्यांनी केलंही नव्हतं. भूक लागली होती, आम्ही जेवलो.

परेड संपल्यावर पांढऱ्या गणवेशातली उमा धावत आमच्याकडे आली आणि वाटेतच थबकली. मी सुमनबाईंच्या शेजारी बसलेली तिनं पाहिलं होतं. तिचा चेहरा उतरला. चार महिने ऊन, पाऊस आणि कवायत घेणाऱ्या उस्तादांचं ओरडणं झेललेली माझी मुलगी तिथं आईला भिऊन उभी राहिली. इतक्या माणसांत, तिच्या आनंदाच्या दिवशी. तो चेहरा मी माझ्या आईच्या ओठांशेजारी ठेवला आहे.

सुट्टी मिळालेल्या दोघींना घेऊन परतायच्या आधी आम्ही समुद्र पाहायला गेलो. सकाळची वेळ होती. मला गुडघ्याएवढ्या पाण्यात जायचं होतं. मी गळ्यातलं लिंग काढलं आणि सुमनबाईंपुढं धरलं. “जरा धरता का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मी पाया पडनार न्हाई बरं का.”

“नका पडू. नुसतं धरा.”

त्यांनी ते गळ्यात घातलं नाही. दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं आणि वाळूवर पाय रोवून उभ्या राहिल्या. मी पाण्यात गेले. लाटेनं पाय गारठले. मागून उमा आली आणि तिनं माझा दंड धरला, मी पडू नये म्हणून. मग म्हणाली, “तुला कधीपासून म्हाईत व्हतं?”

“परीक्षेच्या आधीपासून.”

“मग फोनवर कामून बोलली न्हाईस? मी दर रविवारी भीत भीत बोलायली व्हते, आई.”

ती रडली नाही, रागवलीही नाही. तिनं माझा दंडही सोडला नाही. परतताना तिनं बॅगेतून ती पिशवी काढून दिली, धुऊन, घडी घालून. “तू कष्टानं शिवली व्हतीस, म्हनून टाकली न्हाई.”

ती पिशवी आता माझ्या पूजेच्या सामानात असते. तलावातल्या औषधाच्या पाण्यानं कापड कडक झालंय. रोज लिंग तळहातावर घेतलं की मी आधी तिच्याकडे पाहते. मला वाटायचं देवाला घट्ट धरून राहणं म्हणजेच सगळं त्याच्यावर सोपवणं. माझ्यावर कृपा झाली, आणि ती माझी मूठ सोडवूनच झाली. माझ्या मुलीनं आपला देव मैत्रिणीच्या गळ्यात घातला, त्या मुलीनं तो घेतला, तिच्या आईनं माझा वेगळा पेला सोसून मला ते सांगितलं. त्या तिघींची मी ऋणी आहे आणि ज्यानं त्यांना माझ्या वाटेवर उभं केलं त्याचीही. फेडता येईल असं हे नाही. रोज हात जोडते, एवढंच.

उमा आता दूरच्या बंदरावर नोकरीला आहे. फोन रोज करता येतो, तरी ती रविवारीच करते. काहीही सांगायच्या आधी क्षणभर थांबते, आई यावर काय म्हणेल ते आजमावल्यासारखी. ते थांबणं मीच तिला लावलं आहे. आता मी मध्ये बोलत नाही. फोन कानाला लावून गप्प राहते आणि तिनं बोलावं म्हणून वाट पाहते.